चौथ्या लॅपनंतर काटा का चढतो: जुन्या एमएक्स-5 चं ट्रॅकवर गरम होणं

आधी लक्षण नेमकं सांगतो. गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, 1992 ची, 1.6 लिटरची. इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत घर ते ऑफिस, मोटरवे, शनिवारचं ट्रॅफिक, कुठेही तक्रार नाही. तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली येतो आणि तिथेच राहतो. हीच गाडी डॉनिंग्टनच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, नेली की पहिल्या तीन लॅप मस्त जातात. चौथीला काटा हलतो, सहावीला मध्य ओलांडतो, आणि सातवी लॅप मला हीटर लावून, सगळ्यांना पुढे जाऊ देत काढावी लागते. पिटमध्ये उभं राहिल्यावर ओव्हरफ्लोच्या बाटलीत बुडबुडे दिसतात.

दोन उन्हाळे मी यात घालवले. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बदलला. पंप बदलला. मग जाड अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घेतला, तो या सगळ्यात महागाचा होता. प्रत्येक वेळी पुढचा ट्रॅक डे बरा गेला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. नंतर वही उघडून पाहिली तेव्हा कळलं की ते सगळे दिवस ढगाळ होते, हवा 14-15 अंशांच्या आसपास होती. 26 अंशांचा दिवस आला आणि काटा पुन्हा तिथेच. माझ्यासारखंच खर्चाकडून सुरुवात करणारे बरेच जण भेटतात, आणि त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट कळकळीने सांगतो: या गाडीत रेडिएटर क्वचितच लहान पडतो. वारा आणि पाणी जिथून जायला हवं तिथून जात नाही, खरा घोळ तिथे आहे.

रस्त्यावर न दिसणारा दोष ट्रॅकवर का दिसतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. 1.6 चं इंजिन सुमारे 115 अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण 85 किलोवॉट. पेट्रोल इंजिन चाकांकडे जितकी शक्ती पाठवतं, ढोबळमानाने तितकीच उष्णता पाण्यात सोडतं. मोटरवेवर 110 च्या वेगाने जायला या गाडीला 15-20 किलोवॉट पुरतात. ट्रॅकवर पाय बहुतेक वेळ तळाशी असतो, म्हणजे उष्णता चौपट-पाचपट. आणि वारा? वारा वेगाप्रमाणे मिळतो, शक्तीप्रमाणे नाही. वळणातून तिसऱ्या गिअरमध्ये 90 ने बाहेर पडताना इंजिन पूर्ण ताकदीने जळत असतं, पण रेडिएटरला वारा 90 चाच मिळतो. त्यामुळे रस्त्यावर वाऱ्याचा तिसरा हिस्सा गळून गेला तरी कळत नाही. ट्रॅकवर तोच हिस्सा चौथ्या लॅपला वसूल होतो.

आधी मोजा, मग पाना हातात घ्या

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. त्याच्यावर आकडे नाहीत, आणि तो बोलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. मी दोन स्वस्त डिजिटल सेन्सर घेतले. एक रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये, जिथून गरम पाणी येतं. दुसरा खालच्या होजमध्ये, जिथून थंड झालेलं पाणी इंजिनकडे परत जातं. होज मधोमध कापून टी-जोड बसवायचा, सेन्सर त्यात फिरवायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता या दोन आकड्यांमधला फरक बघा, कारण निदान तिथेच होतं. दोन्ही गरम आणि फरक कमी, म्हणजे 5 ते 8 अंशांचा, तर पाणी व्यवस्थित फिरतंय पण रेडिएटर उष्णता टाकू शकत नाही: वारा कमी पडतोय, किंवा जाळी बाहेरून माती-किड्यांनी भरली आहे. फरक मोठा, 18-20 च्या वर, तर रेडिएटर आपलं काम करतोय पण पाणीच हळू फिरतंय: बेल्ट घसरतोय, पंप गेलाय, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या आहेत. आणि आकडे एका लॅपमध्ये एकदम उडी मारत असतील, वर-खाली नाचत असतील, तर पाण्यात हवा आहे. ती हवा भरताना राहिली की हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यातल्या सीलमधून) येतेय, हे वेगळं शोधावं लागतं.

माझा आकडा सहाव्या लॅपच्या शेवटी वर 108 आणि खाली 101 होता. फरक सातचा. म्हणजे मी पंप उगाच बदलला होता.

आणखी एक चाचणी फुकटची आहे. पुढच्या गाडीला चिकटून दोन लॅप चालवा, मग दोन लॅप मोकळ्या हवेत. चिकटून असताना तापमान भराभर चढत असेल आणि मोकळं झाल्यावर उतरत असेल, तर प्रश्न वाऱ्याचाच आहे. माझ्या गाडीत स्टार्कीजच्या सरळ पट्ट्यावर कुणाच्या मागे राहिलो की एका लॅपमध्ये चार अंश चढायचे.

पायाभूत गोष्टी, पटापट

वाऱ्याकडे जाण्याआधी हे उरकून घ्या. रेडिएटरचं झाकण नवीन टाका, 0.9 बारचं हवं. त्या दाबाला साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, पण रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही आणि मग 100 च्या जरा वरच उकळी फुटते. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर आहेत, त्यामुळे तो बेल्ट 7 हजार आरपीएमला किंचाळत असेल तर पंपही घसरतोय. मूळ रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या काळ्याच्या तपकिरी-हिरवट झाल्या असतील तर तो रेडिएटर ट्रॅकवर नेऊच नका. प्लॅस्टिक ठिसूळ झाल्याची ती खूण आहे. टाकी फुटते तेव्हा आधी सांगून फुटत नाही.

गाडी पाणी खात असेल तर गॅस्केटची रासायनिक चाचणी करा. निळं द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरायचं आणि इंजिन चालवायचं. ते पिवळं पडलं तर जळालेला वायू पाण्यात येतोय, मग हेड उचलून फेसिंग करण्याशिवाय, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करून घेण्याशिवाय, इलाज नाही. खालचं काही वाचून उपयोग नाही.

पाणी भरताना गाडीचं नाक रॅम्पवर चढवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण काढून इंजिन मंद चालू द्या आणि वरचा होज हाताने दाबत राहा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मला याला 25 मिनिटं लागतात. दहा मिनिटांत उरकलं तर हवा राहते, आणि ती नेमकी हेडच्या मागच्या टोकाला अडकते.

वारा: खरी गळती इथे होती

एका रविवारी मी गाडी स्टँडवर घेतली आणि पुढच्या बंपरच्या तोंडातून हात आत घातला. रेडिएटरच्या डाव्या बाजूला माझी चार बोटं सरळ आरपार गेली. उजव्या बाजूला तितकी नाही, पण दोन गेली. वर, रेडिएटरची पट्टी आणि बॉनेटचं कुलूप यांच्या मध्ये, तळहात आडवा मावत होता. आणि खाली तर काहीच नव्हतं. अंडरट्रे, म्हणजे इंजिनखालचा तो काळा प्लॅस्टिकचा पत्रा, गायब होता. दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये टायमिंग बेल्ट बदलून घेतला, तेव्हा तो काढला गेला आणि परत लागलाच नाही. मला कुणी सांगितलं नाही. मीही खाली वाकून पाहिलं नाही, याची हळहळ अजून आहे, कारण त्या दोन उन्हाळ्यांतलं निम्मं दुखणं त्या एका पत्र्याचं होतं.

हा पत्रा इतका महत्त्वाचा का? रेडिएटरमधून वारा जायला पुढे जास्त दाब आणि मागे कमी दाब लागतो. अंडरट्रे नसला की तोंडातून आलेला वारा जाळीच्या दाट पंखांमधून घुसण्याऐवजी खालून सहज निसटतो. शिवाय गाडीखालचा वारा वर इंजिनच्या खोलीत शिरतो आणि रेडिएटरच्या मागे दाब वाढवतो. पुढचा दाब कमी, मागचा जास्त. मग जाड रेडिएटर टाकला तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण जाडीतून वारा ढकलायला दाब जास्त लागतो आणि बाजूची भोकं त्याला सोपी वाट देतातच. माझ्या महागड्या रेडिएटरने फरक का पाडला नाही, याचं उत्तर हे.

स्क्रॅपयार्डमधून जुना अंडरट्रे आणला. मग 1.5 मिमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन बाजूच्या भिंती कापल्या. आधी पुठ्ठ्याचे नमुने केले, सात वेळा कातरले, तेव्हा कुठे ते बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत नीट बसले. वरची फट बंद करायला एक आडवी पट्टी. प्रत्येक कडेला दाट, बंद पेशींचा फोम, तोही असा की पत्रा बसवताना दाबला जाईल. नुसता टेकलेला फोम वेगात उचलला जातो. तपासायची पद्धत सोपी आहे: रात्री गॅरेज अंधारं करा, रेडिएटरच्या मागे टॉर्च ठेवा आणि पुढून बघा. जाळीतून येणारा उजेड सोडून जिथे जिथे प्रकाश दिसेल तिथून वाराही जाणार. मला पहिल्या रात्री अशा अकरा जागा सापडल्या.

इथल्या गाड्यांत पुढची नंबर प्लेट बऱ्याचदा त्या लहानशा तोंडातच लावलेली असते. ट्रॅकवर ती काढून ठेवा आणि घरी निघताना आठवणीने परत लावा. एअर कंडिशनरचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो. गाडी फक्त ट्रॅकचीच करायची असेल तर तो काढा, रस्त्यावरही वापरायची असेल तर त्याच्या पंखांतली माती मऊ ब्रशने काढून घ्या.

एका गोष्टीपासून लांब राहा. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड उचलायची, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल, हा सल्ला फार ठिकाणी मिळतो. काचेच्या पायथ्याशी वारा आदळून दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत येते. मी बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटवून मागून येणाऱ्या गाडीतून व्हिडिओ काढून घेतला. मागच्या कडेचे धागे आत ओढले जात होते. गरम हवेला वाट हवीच असेल तर बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, लूव्हर्स (तिरकस फटी) पाडा. तिथे दाब कमी असतो.

एवढं सगळं झाल्यावर 24 अंशांच्या दिवशी सहाव्या लॅपचा आकडा 108 वरून 99 वर आला. त्यातला मोठा वाटा पत्र्याचा, पुठ्ठ्याचा आणि फोमचा.

चौथं सिलिंडर

इथे थांबता आलं असतं, पण गाडी ट्रॅकसाठी आणखी तयार करायची असेल तर हा भाग सोडू नका. हे इंजिन मुळात माझदा 323 मध्ये आडवं बसायचं. त्या मांडणीत पाणी पंपाच्या टोकाने आत जायचं आणि हेडच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, त्यामुळे चारही सिलिंडरवरून सारखं वाहायचं. एमएक्स-5 मध्ये तेच इंजिन उभं बसवलं आणि ते दुसरं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातल्या भिंतीला, जाऊन भिडलं. तिथे होजला जागा नाही म्हणून थर्मोस्टॅट पुढे आणला. आता पाणी पुढून आत आणि पुढूनच बाहेर. मागच्या टोकाला हीटरच्या लाइनमधून जाईल तेवढाच प्रवाह. पहिलं सिलिंडर सुखात, चौथं तापलेलं. रस्त्यावर हे निभावून जातं. ट्रॅकवर, विशेषतः टर्बो लावल्यावर, गॅस्केट जातं ते मागच्या बाजूचं.

म्हणूनच काटा चढल्यावर हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगात लावला की फायदा होतो. उष्णता केबिनमध्ये जाते, आणि तीही मागच्या टोकावरून हीटरच्या वाटेने येणाऱ्या पाण्यातली.

कायमचा उपाय म्हणजे पाण्याची बाहेरची वाट मूळ जागी, मागे नेणं. याला सगळे ‘रीरूट’ म्हणतात. हेडच्या मागे एक स्पेसर, त्यावर जुन्या किया स्पोर्टेजचं थर्मोस्टॅट हाउसिंग, तिथून लांब होज पुढे रेडिएटरच्या वरच्या तोंडाला, आणि पुढची मूळ वाट ब्लँकिंग प्लेटने बंद. तयार किट मिळतात. माझ्या गाडीत हीटर होजमधला सेन्सर आधी वरच्या होजपेक्षा 7 अंश जास्त दाखवायचा, रीरूटनंतर दोन्ही सारखे झाले.

यात एक खड्डा आहे. 1.6 मध्ये रेडिएटरच्या पंख्याचा स्विच पुढच्या थर्मोस्टॅट हाउसिंगवर असतो. पुढची वाट बंद केल्यावर तिथलं पाणी साचतं आणि स्विचला खरं तापमान कळत नाही. तो स्विच नव्या हाउसिंगवर हलवा, नाहीतर ट्रॅकवर सगळं छान आणि घरी जाताना सिग्नलला गाडी उकळते. मला हे लेस्टरच्या रिंगरोडवर कळलं. आणि काम करायला हात लहान लागतो: फायरवॉल आणि हेड यांच्यात जेमतेम मनगट मावतं. मागचे नट मी बायकोच्या मदतीने लावले, तिचा हात आत जातो, माझा जात नव्हता.

ट्यूनिंगची बाजू

इग्निशनचा मूळ टायमिंग, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, 10 अंशांचा. हेडच्या मागचा सेन्सर फिरवून तो 14 पर्यंत नेतात. गाडी चपळ वाटते, मीही तसंच चालवतो. पण पेट्रोल चांगलं असेल तरच. इथे सप्टेंबर 2021 पासून साधं 95 ऑक्टेनचं पेट्रोल ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालं. ट्रॅकच्या दिवशी मी 97 च्या वरचंच भरतो. बारीक टकटक ऐकू आली की 10 वर परत या. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटणं, सुरू झालं की हेडचं तापमान कुठल्याही रेडिएटरला आवरत नाही. वेगळा ईसीयू (इंजिनचा संगणक) लावला असेल तर एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण एका भाग पेट्रोलला 12.5 भाग हवेच्या आसपास आहे ना, ते बघा. 13.5 वर चालणारी गाडी पाणी तापवतेच, एक्झॉस्ट व्हॉल्व्हही जाळते.

कूलंट अर्धं-अर्धं ठेवण्याची सवय हिवाळ्यासाठी ठीक. ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहतं, म्हणून मी मे ते सप्टेंबर 25 टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड पाणी ठेवतो, ऑक्टोबरात पुन्हा अर्धं-अर्धं. त्याहून कमी केलं तर गंजरोधकही कमी पडतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नका. 88 ऐवजी 82 चा लावला तरी सहाव्या लॅपचं तापमान उतरत नाही. दोन्ही तोवर पूर्ण उघडलेले असतात.

कोइमतूरच्या करी स्पीडवेवर जुनी मारुती एस्टीम पळवणाऱ्या कोल्हापूरच्या एका मित्राने हेच दोन सेन्सर लावले. तिकडची हवा 34 अंशांची. त्याच्या गाडीत फरक 22 आला, म्हणजे माझ्या नेमका उलट निकाल. त्याने रेडिएटर उघडून दुरुस्तीवाल्याकडून नळ्यांत सळई फिरवून घेतली, आतून चिकट गाळ निघाला. वाऱ्याच्या फटी बुजवण्याच्या नादी तो लागलाच नाही, आणि त्याच्या गाडीपुरतं ते बरोबर होतं.

माझ्या गाडीचा आत्ताचा आकडा: जुलैतला 28 अंशांचा दिवस, वीस मिनिटांचं पूर्ण सेशन, वर 96, खाली 89. शेवटची लॅप मी अजूनही चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर काढतो, आणि पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवतो, म्हणजे साचलेली उष्णता फिरत्या पाण्यातून निघते. फोम मात्र एका सीझनपेक्षा जास्त टिकत नाही. डावीकडचा, होजच्या बाजूचा, सगळ्यात आधी चपटा होतो. मार्चमध्ये टॉर्च घेऊन बसलो तेव्हा तीन जागांतून उजेड दिसला, ते तुकडे बदलूनच गाडी बाहेर काढली.